डाव्या बाहीचा एक इंच

टेबलावरच्या खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आज मंगळवार. मी घरातच आहे. हाक मारा."

म्हातारा शिंपी ते वाचायचा, आतल्या खोलीकडे तोंड करून लेकीला हाक मारायचा आणि उत्तर आलं नाही की कावराबावरा व्हायचा. पाच मिनिटांनी पुन्हा वाचायचा. सकाळपासून हेच चाललं होतं. आता तीन वाजून गेले होते आणि लेकीचा पत्ता नव्हता.

पोलिसांना फोन शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींनी केला होता.

"चार वर्षांपूर्वी यांच्या मेंदूत ताप गेला," मावशी इन्स्पेक्टरबाईंना सांगू लागल्या. "त्याच्या आधीचं सगळं लख्ख आठवतं. नवीन काही टिकत नाही. म्हणून पोरगी रोज सकाळी उठल्या उठल्या टेबलावर कोरा कागद लावते आणि त्यावर वार लिहिते."

बाई कागदावर वाकल्या, तोवर म्हाताऱ्याने गळ्यातली टेप काढून त्यांची पाठ मोजली, दोन्ही हात मोजले, आणि खडूने कागदावर आकडे मांडले. वर मावशी आल्या तेव्हाचं त्यांचं माप होतं, आणि त्याच्याही वर आणखी एक. पाठ अठरा, उजवा हात पंचवीस, डावा चोवीस.

"हे माप कुणाचं, बाबा?"

"कुठलं माप? तुम्ही कोण, ताई? माझी मुलगी कुठाय?"

मुलगी सकाळपासून सापडत नाही, हे बाईंनी खरं ते सांगितलं. म्हातारा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दहा मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तसाच कोसळला. तिसऱ्या वेळी बाई चक्क खोटं बोलल्या. "बाजारात गेलीय, येईलच." इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटं बोलून इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"उंबऱ्याच्या आत कुणीही येवो, माप घेतात," मावशी म्हणाल्या. "पोस्टमनलाही सोडत नाहीत."

फ्रिजमध्ये पोरीच्या इन्सुलिनच्या सुया दिवसागणिक लावून ठेवल्या होत्या. आजच्या दोन्ही जागच्या जागी होत्या.

"सकाळची चुकलीच की!" मावशींचा आवाज फाटला. "मागे एकदा दिवसभर राहिली, तर शुद्ध हरपली होती हो तिची!"

पळून जाणारी मुलगी सुया विसरत नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं.

दुकान विका म्हणून मागे लागलेल्या बिल्डरला त्यांनी बोलावून घेतलं. किरकोळ अंगाचा माणूस. म्हाताऱ्याने त्याचंही माप घेतलं. पाठ पंधरा, दोन्ही हात बावीस.

म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ फोनवरून कळताच आला होता, पण रस्त्यावरच उभा होता. अंगात तयार कोट. त्याची डावी बाही पंजावर उतरत होती आणि तो ती पुन्हा पुन्हा वर ओढत होता.

"आत का येत नाही?"

"दादाची दशा बघवत नाही."

"शेवटचं कधी आला होतात?"

"झाला असेल महिना."

"पुतणी कुठे गेली असेल?"

"कंटाळून पळाली असेल, दुसरं काय! चार वाजता वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थेची माणसं येताहेत दादाला न्यायचं ठरवायला. एकटा पडलाय बिचारा."

"त्यांना कधी बोलावलंत?"

"काल."

बाईंनी त्याच्या कोपराला धरलं आणि उंबरा ओलांडून आत आणलं.

"अरे, तू!" म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. टेप निघाली. खडू चालला. अठरा. पंचवीस. चोवीस. "डावी बाही एक इंच कमी," तो स्वतःशीच म्हणाला. "लहानपणी पडला होता, तेव्हापासून हात आखूड. ही बाही मी कधी चुकवली नाही."

बाईंनी कागदावरच्या त्या दोन सारख्या मापांवर बोट ठेवलं.

"हा कागद आज सकाळी लागला," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या आणि मावशींच्याही मापाच्या आधी तुमचं आहे. म्हणजे आज पहिले तुम्ही आलात. दादाला संस्थेत ठेवायच्या कागदावर तिने सही द्यायला नकार दिला असणार. मुलगी दादाला सोडून गेली असं तुम्हाला आज दाखवायचं होतं, म्हणून संस्थेला कालच बोलावलंत. दादाला काही आठवत नाही, यावर तुमचा सगळा भरवसा होता. पण मेंदूत आठवणींचं एकच कपाट नसतं. सकाळी कोण आलं ते ठेवायचं कपाट तापाने मोडलं. हातांना शिकवलेलं दुसरीकडे असतं, ते शाबूत आहे."

"ही काही साक्ष झाली?" तो ओरडला.

"कोर्टाचं मग बघू. तिला इन्सुलिन लागतं हे ठाऊक होतं का तुम्हाला? सकाळपासून मिळालेलं नाही."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही हो... देवाशपथ नाही! मला दादाला हलवून दुकान विकायचं होतं. पाच वाजता सोडणारच होतो तिला. गोदामात आहे, माझ्या. मागच्या खोलीत."

मावशी सुया घेऊन बाईंच्याही आधी गाडीत बसल्या होत्या.

दार तोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून पडली होती. श्वास जोरजोरात चालला होता. हाकेला तिने ओ दिली नाही, पण बोटं हलली.

शुक्रवारी ती घरी आली. तीन दिवस दुकानात झोपलेल्या मावशींनी नवा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने लिहिलं, "आज शुक्रवार. मी घरातच आहे."

"बाजारात एवढा उशीर?" म्हाताऱ्याने सहज विचारलं. ती बाजारात गेलीय, हे मावशींनी त्याला आत्ताच पुन्हा सांगितलं होतं.

"गर्दी होती, बाबा."

त्याला मंगळवारचं काहीएक आठवत नव्हतं. मात्र तिच्या बाहीचं टोक त्याने मुठीत धरलं होतं. संध्याकाळ झाली तरी तो ते सोडेना, आणि का, ते त्याला सांगता येईना.