जोजो म्हणजे नाच

त्यानं चुकीचं दार उघडलं.

ओनेझिम गिद्रीच्या नाचघराला दोन दारं होती. पुढचं दार नाचायला येणाऱ्यांचं. बाजूचं, अंजिराच्या झाडाखालचं, तान्ह्या बाळांच्या खोलीचं. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला अकॉर्डियन आणि फिडल सुरू व्हायचं. त्याआधी आया आपापली पोरं त्या खोलीत आणायच्या, गाद्यांवर ओळीनं झोपवायच्या, झग्याची चुणी सारखी करायच्या आणि पलीकडे पळायच्या. मागे राहायची ती आझेली, ओनेझिमची मुलगी. आई गेली तेव्हा ती पंधराची होती. आईची ती खोली आणि आईची झुलती खुर्ची तिच्याकडे आली ती आलीच. आता ती सव्वीसची होती. अमेरिकेच्या दक्षिणेत, जुन्या फ्रेंच वसाहतीच्या लुइझियानात, त्या भातशेतांच्या मुलखात, प्रेरी सोरेल गावाच्या आसपास, तिच्याइतकी गाणी कोणाला पाठ नव्हती आणि तिच्याइतकं कमी नाचलेलंही कोणी नव्हतं. सगळी गाणी तिनं भिंतीपलीकडून ऐकली होती.

एकोणीसशे सहासष्टचा ऑक्टोबर. पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. अकरावं बाळ नुकतंच डोळे मिटत होतं... आणि बाजूचं दार धाडकन उघडलं.

"कोणी आहे का? मालकांना भेटायचंय," एक खणखणीत आवाज आला.

अकराची अकरा बाळं उठली.

दारात एक उंच, भिजलेला तरुण उभा होता. काखेत कागदांचा गठ्ठा, चष्म्यावर थेंब. रडण्याचा तो कल्लोळ ऐकून त्यानं दार लावून घ्यायला हवं होतं. तो आत आला.

"माफ करा, मला वाटलं ऑफिस—"

"तुम्ही उठवलंत," आझेली म्हणाली, "आता तुम्हीच झोपवा."

"मी? मला... मला येत नाही."

"मग गठ्ठा ठेवा खाली आणि हात पुढे करा."

त्यानं हात पुढे केले. तिनं त्यात दोन बाळं ठेवली, एकेका हातावर एकेक. तो ताठ उभा राहिला, जणू कोणी त्याच्या हातात अंड्यांच्या टोपल्या दिल्या होत्या.

"हलवा जरा. आणि म्हणा, फे दो दो."

"फे दो दो," तो घाबरत म्हणाला. मग थबकला. "पण फे दो दो म्हणजे तर नाच ना? गावजेवणासारखा गावनाच. माझ्या कागदात तसं लिहिलंय."

"कागदात काहीही असेल. दोदो म्हणजे जोजो. फे दो दो म्हणजे जोजो कर. तुमच्या आईनं कधी म्हटलं नाही का?"

तो बाळांना हलवत राहिला. पण त्याचा चेहरा असा झाला की आझेलीला वाटलं, हे विचारायला नको होतं.

सातव्या बाळापर्यंत तो बराच सरावला. मग हळू आवाजात त्यानं सांगितलं — उत्तरेकडच्या एका विद्यापीठात देशभरच्या बोलींचा कोश बनतोय. त्यासाठी तो मोटारीतून गावोगाव हिंडतो. त्याच्याकडे सोळाशे प्रश्न आहेत. याला काय म्हणता, त्याला काय म्हणता... एवढंच विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

"आणि तुम्हाला काय म्हणायचं?"

"वेल्डन थिबोडो."

आझेलीनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं. "तिबोदो. ति-बो-दो. या गावात अर्धी दुकानं तिबोदोंची आहेत. स्वतःचं आडनाव तरी नीट म्हणा."

"मी टेक्सासचा. वडील तेलाच्या कारखान्यात लागले, तेव्हा आईबाप इथून तिकडे गेले. घरात फक्त इंग्रजी. आई म्हणायची, ती बोली चिखलातली आहे, चिखलातच सोडून आलो."

पलीकडे वॉल्ट्झ सुरू झाला. फळ्यांची जमीन शेकडो पावलांनी हलू लागली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या त्या दोघांच्या पायांनाही ती थरथर लागली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं.

*

सोमवारी तो पुन्हा आला. आझेली ओट्यावर अक्रोडासारखे पेकान फोडत बसली होती. म्हाताऱ्यांशी बोलायला त्याला दुभाषा हवा होता. ते इंग्रजी बोलेनात आणि त्याला त्यांची फ्रेंच बोली कळेना.

"मी येईन," ती म्हणाली, "पण आधी हे पोतं संपवू लागा."

तिथून पाच आठवडे ती त्याच्या मोटारीत बसून हिंडली. वाटेत ती आपल्या बोलीत बोलायची आणि तो ते तिच्या मागून तसंच म्हणायचा. पहिल्या आठवड्यातच ती त्याला अरे म्हणू लागली. नेमकं कोणत्या दिवशी, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्या एका शब्दानं त्याला झपाटलं होतं. सोळाशे प्रश्नांतला एकच प्रश्न तो प्रत्येकाला दोनदा विचारायचा.

ओनेझिम म्हणाला, "त्यात काय एवढं? आया पोरांना घाईघाईनं झोपवायच्या. पोरा, जोजो कर लवकर, नाहीतर तुझा बाप दुसरीबरोबर नाचेल. आत हेच चाललेलं असायचं, बाहेरच्यांनी ऐकलं. मग नाचालाच ते नाव पडलं."

म्हातारा फिडलवाला आल्सिदकाका पिचकारी टाकून म्हणाला, "ओनेझिम घरकोंबडा आहे, त्याला पाळणेच आठवणार. अरे, जुन्या नाचात पुकारा द्यायचे — दो-आ-दो. म्हणजे पाठीला पाठ. जोडीदाराला पाठ लावून वळसा घ्यायचा. दो-आ-दोचं दोदो झालं. बाळाचा काय संबंध?"

पेट्रोलपंपावरच्या पोरांना विचारलं तर ती फिदीफिदी हसली. त्यांच्या लेखी फे दो दो म्हणजे बिअर आणि धांगडधिंगा. शहरातला रेडिओ तर फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनालाही फे दो दो म्हणू लागला होता.

"मग खरं काय?" परतताना तिनं विचारलं.

"सगळंच लिहायचं. खरं-खोटं ठरवायचं काम माझं नाही. परत म्हण बरं एकदा, उच्चार टिपायचाय."

"फे दो दो."

"परत."

"फे दो दो. ऐकायला कान लागतात. तू माझ्या तोंडाकडे का बघतोस?"

"उच्चार... ओठांवरून टिपतात."

"मग आल्सिदकाकांच्या ओठांकडे नाही बघितलंस?"

"त्यांना दात नाहीत. चुकीचं टिपलं जातं."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. कापलेल्या भाताच्या खुंटांत पाणी साचलं होतं आणि त्यात पांढरे बगळे उभे होते. तिचे कान तापले होते. बरं झालं, तिनं मनात म्हटलं, कान टिपत नाहीत.

एकदा वाटेत तिची जुनी शाळा लागली. तिनं गाडी थांबवायला सांगितलं, पण ती उतरली नाही.

"पहिल्या दिवशी मला लघवीला जायचं होतं," ती म्हणाली. "इंग्रजीत कसं विचारायचं ते माहीत नव्हतं. आपल्या बोलीत विचारलं. बाईंनी दोनशे वेळा लिहायला लावलं, मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही. मी ओल्या झग्यात बसून लिहिलं. तेव्हा मला लिहितासुद्धा येत नव्हतं, बाईंनी फळ्यावर काढलेल्या रेघोट्या मी तशाच गिरवल्या." ती थोडं थांबली. "आता तेच शिकलेले लोक तुला पगार देऊन पाठवतात, आमचे शब्द गोळा करून आण म्हणून. मी वेडी आहे म्हणून तुझ्याबरोबर फिरते."

वेल्डननं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"माझ्या आईनंही लिहिलं असेल," तो म्हणाला. "मी आयुष्यभर तिच्यावर रागावलो. तिनं मला काहीच दिलं नाही म्हणून. मला कधी सुचलंच नाही, की..."

आझेलीचा हात त्याच्या बाहीपर्यंत गेला, टोकाला लागला आणि परत मांडीवर आला. तेवढ्यावरच ते घरी पोचले.

*

नोव्हेंबरच्या मध्यावरच्या शनिवारी खोलीत एकच बाळ आलं. आजकाल आया पोरांना घरीच ठेवत, शेजारची एखादी मुलगी टीव्हीसमोर बसवून. ओनेझिमनं दुपारीच सांगून टाकलं होतं, "सोमवारी या खोलीत बिलियर्डचं टेबल येतंय. तुलाही मोकळं व्हायला हवं, बाळा. तू किती वर्षं भिंतीआड बसणार?"

आझेलीनं मान डोलावली. पण संध्याकाळी ती त्या खुर्चीत बसली तेव्हा तिला आपल्या हातापायांचं काय करावं कळेना.

बाजूचं दार हलकेच उघडलं. या वेळी कोणी उठलं नाही, कारण ते एकुलतं एक बाळ टक्क जागं होतं.

"उद्या निघतोय," वेल्डन म्हणाला. "आर्कान्सा. मग मिसिसिपी."

"हं." ती खुर्ची हलवत राहिली. "मग काय लिहिलंस शेवटी?"

त्यानं वही उघडली. "एक, बाळाला झोपवताना म्हणायचे शब्द. दोन, गावनाच. तीन, कोणताही गोंगाट. आणि खाली आल्सिदकाकांचं पाठीला पाठ."

"माझंही लिही मग," ती म्हणाली. "अकरा वर्षं या खुर्चीत बसून मला त्याचा एकच अर्थ कळलाय. तू झोप, मी चालले. प्रत्येक आई तेच सांगून गेली या दारातून. बाळांना ते कळत नाही म्हणून ती झोपतात."

वेल्डननं लिहिलं नाही. वही मिटली. पलीकडे वॉल्ट्झ लागला.

"चल, नाचू," तो म्हणाला.

"मला येत नाही. आणि बाळ जागं आहे."

"मग तिघं नाचू."

त्यानं बाळ खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला. ती उठली. तिला पावलं येत नव्हती, पण ठेका रक्तात होता. कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते त्याच्या आधी तिला कळत होतं. रिकाम्या गाद्यांच्या मधून ते वळसे घेत राहिले. मध्ये बाळ होतं, त्यामुळे जवळ येता येईना... आणि बाळ होतं म्हणूनच दूर जाता येईना. त्याच्या ओल्या कोटाचा, कॉफीचा, पेन्सिलीच्या लाकडाचा वास तिला येत होता. एकदा त्याची हनुवटी तिच्या केसांना लागली. ती बाजूला झाली नाही. तोही नाही.

गाणं संपायच्या आत बाळ झोपलं. गाणं संपलं तशी त्याची आई आली आणि त्याला घेऊन गेली. आता दोघांच्या मध्ये काही नव्हतं, आणि दोघंही हात लोंबते ठेवून उभी राहिली.

"पत्र लिहीन," तो म्हणाला.

"इंग्रजीत नको," ती म्हणाली.

*

खोलीत टेबल आलं. शनिवारी चेंडूंची टकटक ऐकू येऊ लागली. आझेली आता मोठ्या दालनात बाकावर बसायची. मुलगे विचारायचे, ती उठायची. महिन्याभरात ती सुरेख नाचू लागली. लोक म्हणाले, ओनेझिमच्या पोरीनं इतके दिवस पाय कुठे लपवले होते? ती हसायची. घरी परतल्यावर पोस्टाच्या पेटीत हात घालून पाहायची, शनिवारी दुपारनंतर टपाल येत नाही हे माहीत असूनही.

नाताळानंतर पत्र आलं. तिनं ते वरून खाली, खालून वर पाहिलं. एक शब्द ओळखू येईना. फ्रेंच लिहायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि वाचायला तिला. त्यानं उच्चार जसे टिपले तसेच लिहिले होते. शेवटी तिनं स्वयंपाकघरात उभं राहून ते मोठ्यानं वाचलं, आणि तिच्याच आवाजातून तिला ते समजू लागलं. त्यानं आईला फोन केला होता. फक्त दोन शब्द म्हणाला होता, दोदो, मामाँ. मग आईनं फोनवर अख्खी अंगाई म्हटली. तिला सगळी कडवी येत होती.

"बाकी काय म्हणतो?" शेगडीजवळून ओनेझिमनं विचारलं.

"बाकी काही नाही." तिनं पत्राची घडी घातली. "आईबद्दल आहे सगळं."

"चांगला मुलगा आहे."

"हो," ती म्हणाली आणि पातेल्यातला भात उगाचच ढवळू लागली. त्या सहा ओळींत तिचं नाव नव्हतं. ती त्याच्या आईवर रागावू शकत नव्हती, म्हणून भातावर रागावली.

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, चर्चहून येऊन बापलेक कॉफी पीत होते. अंगणात मोटार वाजली. वेल्डन जाळीच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. त्यानं टोपी काढली, ओनेझिमला मान लववली आणि आझेलीकडे पाहून, तीनशे मैल वाटेत घोकत आलेलं, त्यांच्या बोलीत म्हणून टाकलं —

"मी तुझ्यासाठी वेडी झालेय."

ओनेझिमच्या घशात कॉफी अडकली.

सगळी बोली तो एका बाईच्या तोंडून शिकला होता, ती जशी स्वतःबद्दल बोलायची तशीच. चूक झाली हे त्याला बापाच्या चेहऱ्यावरून कळलं, पण कोणती ते कळेना. तो तसाच पुढे रेटत राहिला. "मी थकलेली आहे. पण मी पक्की आहे. ईस्टरला काम संपलं की मी परत येणार आहे. तू... तू हो म्हणालीस तर."

"पोरा," डोळे पुसत ओनेझिम म्हणाला, "हे सगळं कोणाकडून शिकलास, ते विचारायची गरज उरली नाही." आणि कप घेऊन तो मागच्या अंगणात निघून गेला.

आझेली हसत होती. मग तिच्या लक्षात आलं, आपले गाल ओले आहेत. ती जाळीच्या दारापाशी गेली. दार तिनं उघडलं नाही. बारीक तारांपलीकडे त्याचा चेहरा अगदी जवळ होता.

"वेडा झालोय म्हण," ती म्हणाली.

"वेडा झालोय."

"थकलोय. पक्का आहे."

"थकलोय... पक्का आहे." त्यानं तिच्या ओठांकडे पाहिलं. "आणि वेडी?"

तिनं कडी काढली.

"ते मी म्हणायचं," ती म्हणाली.