खजिन्याच्या नकाशावरचं दार

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. नऊ हात लाकूड, दहा हात ढलपी, अशी माझी ख्याती. मी पाऊस पडतोय म्हटलं, तर घरातली माणसं खिडकीतून हात बाहेर काढून बघतात.

पण ही गोष्ट खरी आहे. शब्दन् शब्द.

रात्र नव्हती. भर दुपार, चारचा सुमार. जागा हीच, जिथे बसून मी लिहितोय. नात पलीकडे शिवणमशीनवर बसलीय. लिहिताना मोठ्याने बोलायची मला खोड आहे, त्यामुळे तिलाही सगळं ऐकू जातंय. जाऊ दे. गोष्ट तिचीच आहे.

तेव्हा ती सात वर्षांची. एका जागी ठरायची नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. वाढदिवसाला तिला खजिन्याचा नकाशा हवा होता. खराखुरा हं, म्हणाली, तुमच्या गोष्टींसारखा नको.

चाळीस वर्षं सरकारी नकाशे काढलेल्या माणसाला हे ऐकवायचं?

कोऱ्या चहात कागद बुडवला. वाळवला, चुरगळला, इस्त्री फिरवली, कडा मेणबत्तीवर जाळल्या. घराचा आराखडा मात्र मनाने काढला नाही. घरमालकाकडचा जुना नकाशा खाली ठेवून गिरवला. आमच्या धंद्यात मुळात आहे ते गाळायचं नसतं. हात सवयीने चालत गेला...

आणि जिन्याखाली एक दार काढून बसला.

आता तिथे दार नाही. गिलावा केलेली सपाट भिंत, पुढे चपलांची मांडणी. पूर्वी खोली होती. घरमालकाची कुणी आत्या तिथे कोंडलेली असायची, एवढं कानावर होतं. दार चिणलं ते ती गेल्यावर की आधी, हे कुणी सांगेना.

चूक लक्षात आली, पण शाई वाळली होती. म्हटलं, पोरं काय दार बघतायत!

सहा मुलं. बोळातून बारा पावलं, मग जिना, मग गच्ची. पाच जण धडाधड वर गेले. गोळ्यांचा डबा सापडला, वाटणीही झाली.

जिचा वाढदिवस, तीच कुठे दिसेना. नकाशाही तिच्याच हातात.

पलंगाखाली पाहिलं. न्हाणीघरात पाहिलं. पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, अनवाणी रस्त्यावर धावली.

मी जिन्याशी आलो.

मांडणी बाजूला सरकलेली होती. एकही चप्पल पडलेली नव्हती...

आणि भिंतीतून आवाज आला.

"नऊ... दहा..."

भिंगरी पावलं मोजत होती.

"बारा... तेरा..."

आमचा बोळ बारा पावलांत संपतो.

ती मोजतच राहिली. वीस. तीस. आवाज लांब लांब जाऊ लागला. मग तिच्या प्रत्येक आकड्यामागून तोच आकडा दुसरं कुणीतरी म्हणू लागलं... बाईमाणसाचा घोगरा आवाज. फार दिवसांत कुणाशी न बोललेला.

चाळीसवर दोन्ही आवाज थांबले.

मी मागचापुढचा विचार केला नाही. परसातून पहार आणली. पहिल्या घावात गिलावा, तिसऱ्यात विटा! भगदाडातून हात घातला, पोरीचं मनगट धरलं आणि ओढून काढली बाहेर. साठीचा म्हातारा मी, पण अंगात तेव्हा...

पलीकडे मशीन थांबलं.

"आजोबा, तुम्ही जिन्यावर बसला होतात. कानांवर हात ठेवून."

तू लहान होतीस, तुला काय आठवणार, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"दार तिने उघडलं. मला बाहेर ढकललं. मी वळून बघितलं, तर नुसती भिंत."

नातीने सुईत दोरा ओवून घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही खरंच भिंत फोडली असती ना, तर ती पण सुटली असती."