घर एकोणचाळीस

सकाळी डबा भरताना आईने तिला विचारलं, "आज तुमची मोजणीची बोट बुडालेल्या गावावर जाणार ना?"

"हो. पाण्याची खोली मोजायची आणि जुनी वही ताडून पाहायची."

"मग एकोणचाळीसला रिकामं म्हणू नकोस. नोकरी गेली तरी बेहत्तर."

मोजणीची रीतच तशी होती. एकाने मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. दोन तोंडांतून गेली की नोंद पक्की. चाळीस वर्षांपूर्वी धरणाचे दरवाजे बंद करण्याआधी दोन कारकून टेकडीवर उभे राहिले. खाली चिखल होता, बूट खराब झाले असते. "घर एक, रिकामं." "घर एक, रिकामं." अशी चौसष्ट घरं त्यांनी टेकडीवरूनच रिकामी करून टाकली. एकोणचाळिसाव्या घरात आजी तापाने फणफणत होती. दहा वर्षांची आई गाडी शोधायला वर आली होती. तिने ते ऐकलं, रडून आकांत केला. "नोंद झाली गं पोरी," ते म्हणाले. तासाभरात पाणी चढलं.

तेव्हापासून आईचा एकच अर्ज होता : माझी आई तिथे होती, एवढंच लिहा. आज त्याच वहीवर नव्याने सही झाली की अर्ज कायमचा निकालात निघणार होता.

भर दुपार होती. पाणी तापलेल्या पत्र्यासारखं चकाकत होतं. साहेब छत्रीखाली वही घेऊन बसले होते, आणि ती शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडत होती. अडतीस घरं झाली. प्रत्येक ठिकाणी दोरी अठरा मीटरच्या आसपास ढिली पडायची.

एकोणचाळीसला दोरी नवावरच थांबली.

तिने दोरी ओढून पुन्हा सोडली. सहा. गोळा तळाला आपटला नव्हता. वरून दिलेली घागर खालच्या माणसाने अलगद धरावी, तसा तो कुणीतरी धरला होता.

"ताई, बोट जागची हललेली नाही," नावाडी हळूच म्हणाला.

"गाळ असेल. अठराच लिहितो," साहेब म्हणाले. "घर एकोणचाळीस, रिकामं. म्हणा."

तिने दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"बाई, कानात बोळे घातलेत का?"

"माझी आजी होती तिथे, साहेब. अंगात ताप होता तिच्या. तुमचे लोक खाली उतरलेसुद्धा नाहीत!"

"मग काय करू? हाक मारू तिला?" साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. "अरे नावाडी, तू म्हण."

"मला मोजणीतलं काय कळतंय, साहेब?" नावाड्याने मान फिरवली.

"असू दे, दोन्ही तोंडं माझीच." साहेबांनी घसा खाकरला. "घर एकोणचाळीस, रिकामं. घर एकोणचाळीस, रिकामं. झालं!" आणि त्यांनी पेन टेकवलं.

"आहे."

आवाज मोठा नव्हता. दाराची कडी वाजल्यावर आतल्या खोलीतून कुणी ओ द्यावी, तसा. बोटीच्या फळ्यांखालून आला.

दोरी तिच्या हातात सैल पडली. तीन मीटर. मग दोन.

"कोण आहे?" साहेब उठून उभे राहिले. छत्री पाण्यात पडली.

"आता तेच लिहा, साहेब," ती म्हणाली. "एकच शब्द. आहे. लिहा!"

साहेबांनी वही फटकन मिटली.

मग तोच तापाने कोरडा पडलेला आवाज, सावकाश :

"धरणाच्या पायथ्याचा बंगला. रिकामा."

"माझी मुलं आहेत तिथे," साहेब म्हणाले. ते तिच्याकडे वळले. "बाई, काहीतरी बोला. नाही, नको. काही बोलू नका."

पाणी निश्चल झालं. दुसऱ्या तोंडाची वाट पाहत होतं.

तिने दोरी टाकली. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.

आणि बोटीखालून, तिच्याच आवाजात, नोंद पक्की झाली.