दोन ते तीन

हे खरं घडलेलं आहे. पटलं नाही तर इथेच थांबा, माझं काही म्हणणं नाही. फक्त माझ्या मावशीसमोर हसू नका. ती अजून आहे, आणि दुपारच्या वेळी तिला कोणाचं हसणं सहन होत नाही.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, कुत्री रडतात, दिवे जातात. यात तसलं काही नाही. भर दुपार होती. मंगळवार. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि रेडिओ स्टेशनच्या तिसऱ्या मजल्यावर गार हवेच्या स्टुडिओत माझी मावशी बसलेली.

मावशी रेडिओवर नोकरीला होती. मुळात ती बोलणाऱ्यांतली नव्हती. कोणी कधी बोलायचं, हे ठरवणाऱ्यांतली होती. कोणता कार्यक्रम किती वाजता, कशाच्या आधी, कशाच्या नंतर, सगळं तिच्या हातात. आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"दोन दमदार कार्यक्रमांच्या मध्ये एक कच्चा ठेवायचा," ती मला सांगायची. "माणूस पहिला ऐकतो, तिसऱ्याची वाट बघतो, आणि मधला आपोआप कानावर पडतो. उठून रेडिओ बंद करायचासुद्धा लोकांना कंटाळा असतो गं."

दुसऱ्या स्टेशनवर क्रिकेटचा सामना असला, की ती त्या वेळी आपला सगळ्यात पडेल कार्यक्रम टाकायची. नाहीतरी कोण ऐकणार आहे? चांगला माल कशाला वाया घालवायचा?

असा सगळा दिवस तिने स्वतःच्या मनासारखा बांधला होता.

एक तास सोडून.

दुपारी दोन ते तीन ताईचे होते.

ताई म्हणजे स्टेशनवरची जुनी निवेदिका. सगळे तिला ताईच म्हणत, साहेबसुद्धा. जाड चष्मा, दुखरे गुडघे, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर टेकायची. आवाज काही फार गोड नव्हता, थोडा बसकाच होता. ती गाणी लावायची आणि मध्ये मध्ये बोलायची. काय बोलायची? काहीही. ऊन किती आहे, मांजर कुठे झोपलंय, कपडे वाळले का.

आणि बोलता बोलता गप्प व्हायची...

इतकी गप्प, की नवीन माणसाला वाटावं रेडिओ बिघडला.

मग हळूच विचारायची, "आहात ना?"

आणि भांडी घासता घासता, शिलाई मशीनवर, दुकानाच्या गल्ल्यावर, माणसं त्या डबड्याला उत्तर द्यायची.

"हो."

रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. म्हणून स्टेशनवर एक मशीन होतं. जरा जास्त वेळ आवाज गेला नाही, की त्यातली राखीव टेप आपोआप सुरू व्हायची. ताईच्या तासाला इंजिनियर त्या मशीनला थोडी ढील द्यायचा, एवढाच काय तो फरक. त्या राखीव टेपवर आवाजही ताईचाच होता. "थोडी अडचण आली आहे. कुठे जाऊ नका." कित्येक वर्षांपूर्वी भरलेली टेप. ती कधी वाजायचीच नाही, त्यामुळे ती आहे हेही सगळे विसरून गेले होते.

मावशीच्या डोळ्यात ताई खुपायची. ताईने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. पण मावशी डोकं खाजवून, हिशोब करून माणसं गोळा करायची, आणि ही बाई गप्प बसून गोळा करायची. याचं मावशीच्या पोटात दुखायचं. मी सभ्य शब्द वापरत नाही, कारण मावशी स्वतःच वापरत नाही.

आणि एक दिवस घरातच घडलं.

माझी मावसबहीण चिमी तेव्हा सात-आठ वर्षांची. ताप होता, म्हणून मावशी रजा घेऊन घरी. औषधाचा चमचा हातात धरून ती चिमीला हाका मारत होती. एक हाक. दुसरी हाक. तिसरी.

"थांब ना आई! ताई विचारतेय."

आणि रेडिओकडे तोंड करून, तापाने मलूल झालेल्या आवाजात, कार्टी म्हणाली, "हो."

आईच्या हाकेला ओ नाही. परक्या बाईला हो.

त्या दिवशी मावशीने ठरवलं.

पुढच्या बैठकीत तिने नवीन वेळापत्रक मांडलं. ताईचा कार्यक्रम पहाटे पाचला. "पहाटेच्या श्रोत्याला आपल्या माणसाचा आवाज हवा असतो," ती म्हणाली. साहेबांना पटलं. मावशीने सांगितलेलं साहेबांना पटायचंच. दुपारी दोनला नवीन कार्यक्रम, अलीकडे हिट गाणी, पलीकडे नाटक, मध्ये सुरक्षित जागा. आणि सूत्रसंचालन? मावशी स्वतः.

ताई भांडली नाही. चष्मा पुसत म्हणाली, "बरं. पण दुपारी ऐकणारे वाट बघतील गं. त्यांना सांगशील ना?"

"सांगू की," मावशी म्हणाली.

वेळ बदलली की आठवडाभर आधीपासून तशी सूचना वाजवायची, हा स्टेशनचा रिवाज. मावशीने ती सूचना वाजू दिली नाही. एकदाही नाही. तिला माहीत होतं, सांगितलं असतं तर ही येडी माणसं गजर लावून पहाटे पाचला उठली असती.

त्यामुळे ताई रोज अंधारात यायची. तीन मजले चढायची. कोणी ऐकत नाही अशा वेळी विचारायची, "आहात ना?" आणि दुपारी दोनला माणसं रेडिओ लावायची, तर मावशी.

पहिल्याच दिवशी मावशीनेही मध्ये थांबून विचारलं होतं, "आहात ना?" घरी आल्यावर चिमी तिच्याशी बोलली नाही. खूप विचारल्यावर म्हणाली, "ते ताईचं आहे. तू का घेतलंस?"

मग एका पहाटे ताई आलीच नाही. स्वतःच्या घराच्या जिन्यावर सापडली. पायात चपला, खांद्याला पिशवी. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी रडली. खरंच रडली. आणि रडता रडता तिच्या मनात आलं, आता ही दुपार परत मागायला येणार नाही. हे तिनेच मला सांगितलंय.

दुसऱ्याच आठवड्यात तिने ताईच्या सगळ्या टेपा पुसायला दिल्या. कारण काय, तर कपाटात जागा नाही.

त्यानंतरचा हा मंगळवार.

दोन वाजले. लाल दिवा लागला. मावशी माइकसमोर बोलू लागली. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं...

काचेपलीकडे इंजिनियर ताडकन उभा राहिला.

त्याने काचेवर हात आपटला. दोघांच्या मधल्या छोट्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "मॅडम, बोला! बोला ना!"

"बोलतेच आहे की!"

तो कानाला हात लावून नाही नाही करत होता. मावशीने समोर पाहिलं. आवाज दाखवणारा काटा आडवा पडला होता. ती ओरडली. काटा हलला नाही.

माइक ठीक होता. हवा गार होती. तिला तिचा स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत होता. तो फक्त तिच्यापाशीच राहत होता.

मग राखीव टेपचं मशीन सुरू झालं. तिला त्याची चाकं फिरताना दिसली. हेडफोनमध्ये मात्र काहीच नव्हतं.

इंजिनियरचा चेहरा बदलला. आधी तो गोंधळला. मग हळूहळू सैल झाला. घरी आल्यासारखा. खुर्चीत बसला, डोळे मिटले...

आणि त्याचे ओठ हलले.

"हो."

तीन वाजता मावशीचा काटा उठला, काही झालंच नाही अशा थाटात. बाहेर फोन वाजत होते. एकामागून एक. "ताईंना परत आणलंत, बरं केलंत हो!" "बाईंना म्हणावं, आम्ही आहोत!"

ती टेप कशी राहिली, म्हणून मावशीने स्वतःच्या कपाळावर हात मारला. मशीनमधून ती ओढून काढली. स्वतः पुसली. एकदा नाही, समाधान होईपर्यंत.

बुधवारी मशीन रिकामं होतं.

दोन वाजले. काटा पडला.

"मॅडम," इंजिनियर स्पीकरवरून म्हणाला. "मशीनमध्ये काही नाही. आणि ती बोलतेय."

"काय बोलतेय?" मावशीचे ओठ हलले, त्यावरून त्याला कळलं.

"म्हणतेय, वारा सुटलाय. बाहेर वाळत घातलेले कपडे आत घ्या."

मावशीने मान वळवली. खिडकीबाहेर धूळ उडत होती. समोरच्या गच्चीवर एक बाई धावत आली आणि दोरीवरचे कपडे भराभर ओढू लागली.

मावशीने पुन्हा हेडफोन कानावर दाबला. काही नाही. साधी खरखरही नाही.

तीन वाजल्यावर साहेबांनी हात वर केले. "जे चाललंय ते चालू दे. मला काही सांगू नका." लोक खूश होते. त्यांना एवढंच पुरत होतं.

आणि घाबरून गारठलेल्या माझ्या मावशीने त्या क्षणी पहिलं काय विचारलं असेल?

"किती जण ऐकतायत?"

"पूर्वीपेक्षा जास्त," साहेब म्हणाले.

मावशीने नोकरी सोडली.

तिच्या जागी दुसरी मुलगी आली. तिचा आवाज व्यवस्थित गेला, काटा कधी पडला नाही. दुपारची ताई स्टेशनवरून पुन्हा कोणाला ऐकू आली नाही. इंजिनियर म्हणे बरेच दिवस वाट बघत होता.

ती मावशीच्या मागे घरी आली होती.

नोकरी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मावशीने पान वाढलं आणि हाक मारली, "चिमे, जेवायला ये." चिमीने वर पाहिलं नाही. मावशीने पुन्हा हाक मारली. जवळ जाऊन मारली. चिमी रेडिओसमोर मांडी घालून बसली होती, आणि तिने उत्तर दिलं. पण आईला नाही.

"हो."

रेडिओची वायर मावशीने सकाळीच काढून ठेवली होती. ती भिंतीजवळ गुंडाळलेली पडली होती.

मावशीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

हे सगळं मला मावशीने सांगितलं तेव्हा मी ऐकून घेतलं. मोठ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं? मनात म्हटलं, नोकरी गेल्याचं दुःख आहे, डोक्यावर परिणाम झालाय.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. चिमी आता मोठी झालीय, त्या दिवशी घरीच होती. रेडिओ त्यांनी केव्हाच देऊन टाकलाय. टीव्ही नाही. दुपारी मोबाईलसुद्धा बंद करून कपाटात ठेवतात. मावशी चहा गाळत होती आणि मला विचारत होती, "तुझ्या त्या नव्या ऑफिसात जेवणाची सुट्टी किती वा..."

आवाज गेला.

ओठ हलत होते. ती माझ्याकडे बघून बोलत होती, हातवारे करत होती. चहा कपात पडल्याचा आवाज येत होता. पंख्याचा येत होता. तिचा नव्हता.

मग पंख्याचाही ऐकू येईना...

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि विचित्र म्हणजे मला भीती वाटली नाही. कोणीतरी माझ्याजवळ बसलंय आणि त्याला कसलीही घाई नाही, असं वाटलं. खूप दिवसांनी असं वाटलं.

थोडा बसका आवाज. कानाशी नाही, खोलीतही नाही. नुसता होता.

"आहात ना?"

स्वयंपाकघरातून चिमी म्हणाली, "हो."

आणि मला बोलायचं नव्हतं हो, शपथेवर सांगते, मी दात घट्ट आवळले होते. तरी माझ्या तोंडून शब्द गेला.

"हो."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

तो तास मी कसा काढला ते मला आठवत नाही. खरं सांगू? बरा गेला. तीन वाजले आणि पंख्याची घरघर परत आली. मावशीने खाकरून घसा साफ केला.

"विचारलं तिने?"

मी मान डोलावली.

"तुलाही." ती चहाचा गार झालेला कप फिरवत राहिली. "चिमीला विचारते. मागे गॅसवाला आला होता, त्याला विचारलं. तो बिचारा सिलिंडर खाली ठेवून हो म्हणाला. मला एकदासुद्धा नाही गं. माझ्याच घरात. मला तिचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही."

मला वाटलं होतं ती घाबरली असेल. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. तिच्या पोटात दुखत होतं, तेव्हासारखंच.

"काय काय म्हणाली?" तिने माझं मनगट धरलं. "सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

मी सांगितलं.

आता रोज तीन वाजले की मावशीचा फोन येतो. मी दुसऱ्या शहरात राहते. माझ्या घरी रेडिओ नाही, कधीच नव्हता.

"आज काय म्हणाली?" मावशी विचारते.

आणि मी तिला सांगते.