कैलासवासी उकंडराव

"अहो, जरा स्टूल धरता का? हलतंय हो... मी पडले तर नगरपालिकेला आणखी एक चित्र काढावं लागेल!"

शेगावात एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तेव्हा जो पहिला माणूस दिसला, त्यालाच कोकिळेनं हाक मारली. ती मेहकरची. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची, आणि सुट्टी लागल्यापासून आगीचा बंब ठेवायच्या शेडमध्ये स्टुलावर चढलेली असायची. माघात स्टेशनाकडच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गंज्या पेटल्या होत्या. आग विझवताना बंबावरचे दोघं गेले. त्या दोघांचं मोठं चित्र एक मेला उघडायचं होतं. महाराष्ट्र होऊन त्या दिवशी तीन वर्षं पुरी होणार होती.

तो आला. त्यानं स्टूल धरलं, वर पाहिलं – आणि स्टुलाला असा हिसका बसला की कोकिळेचा ब्रश हातातून सुटला.

"धरायला सांगितलं, पाडायला नाही! अन् तिकडचा पाय धरा, हलतोय तो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!"

बंबावरच्या माणसाला बंबाचीच म्हण ऐकवली, हे तिला कुठं ठाऊक! तो वर चित्राकडेच पाहत होता. चित्रात डावीकडे भगवानराव ड्रायव्हर होते, हुबेहूब. त्यांच्या शेजारी पितळी टोपीतला एक झुपकेदार मिशीवाला, आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: कै. उकंडराव.

स्टूल धरून उभा होता, तोच उकंडराव.

झालं होतं असं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं पुढच्या पोराचं नाव मुद्दाम ओंगळ ठेवतात. कुणी कचरू, कुणी उकंडा. यमाला वाटावं, हा उकिरड्यावर टाकलेला, याला काय उचलायचं! बंबावर असे दोन जिवलग होते. उचलला गेला कचरू. पण बंबावरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो देताना नगरपालिकेच्या कारकुनानं डोकं खाजवलं, "तो हो, कचऱ्याच्या नावाचा... उकंडाच बहुतेक." यातलं 'बहुतेक' कोकिळेच्या कानात शिरलंच नाही. त्यात बाईंचा तोरा असा, की पडदा उघडेपर्यंत चित्र कोणी पाहायचं नाही! आज स्टूल हललं म्हणून काय तो एक माणूस आत आला. मग चूक दाखवणार कोण?

तिलाही तो ओळखू आला नाही. फोटोत चेहरा नखाएवढा. खाली उभ्या माणसाला मिशी नव्हती, भुवया विरळ, आणि अकोल्याच्या दवाखान्यातून तो कालच परतलेला, निम्मा होऊन.

"नाव काय तुमचं?"

त्यानं पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"कचरू," तो म्हणाला.

आपण असं का म्हणालो, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आपण जगलो याची त्याला इतकी लाज वाटत होती, की आपल्या नावामागचं ते 'कै.' वाचून त्याला पहिल्यांदाच सुटल्यासारखं झालं. असंच व्हायला हवं होतं, त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो गार पाण्याचा माठ घेऊन आला. मग रोजच येऊ लागला, रस्ता सुना असताना. आपण बंबावरचेच, चित्रातल्याचे दोस्त, एवढंच त्यानं सांगितलं.

"तुमच्या दोस्ताची मिशी जमली का?"

"जरा भरदार होती. तुमी कंजुसी केली."

"आणि तुमची कुठं गेली?"

"जयली."

कोकिळा आधी हसली, मग ती आगीत जळली हे तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याच्या भुवयांकडे नीट पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"असं नका पाहू, बाई."

"चित्र काढणारीची नजर आहे. सवय करून घ्या."

"सवय झाली तं पंचाईत होईन..."

ब्रश तिथंच थांबला. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, त्या काही उन्हानं नव्हे.

"हा उकंडा माणूस कसा होता?"

"भित्रा," तो पटकन म्हणाला. "कचरूसारखा माणूस मातर मी दुसरा नाई पाहाला. जीव लावणारा. हसला की अख्खा हलायचा."

"अगंबाई! स्वतःबद्दल असं बोलणारा माणूस मीही दुसरा नाही पाहिला!"

ती पोट धरधरून हसली. तो उठून माठात पाणी आहे का ते पाहायला गेला, ते डोळे पुसायला. तिला मात्र वाटलं, लाजला!

एक मे चार दिवसांवर आला, तेव्हा शेडच्या दारात एक बाई उभी राहिली. कपाळ मोकळं, पायात चप्पल नाही.

"जयभीम, बाई. मी चांगुणा. कचरूची बायको. माह्या मालकाले एक डाव पाहू द्या. त्या दिवशी गर्दीत मले नाई पाहाता येणार."

"कचरूची? अहो, ते तर रोज..." कोकिळा गोंधळली. काहीतरी चुकतंय एवढं कळलं, आणि तिनं घाईघाईनं कापड वर केलं.

चांगुणा पाहत राहिली.

"हे भगवानराव. अन् हे तं उकंडाभाऊ हायेत. माह्या मालकाचं चित्र कुठं हाये?"

नेमका तेव्हाच तो माठ घेऊन दारात आला.

"हे काय उकंडाभाऊ?" चांगुणा त्याच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट झालं. "तुमाले जित्तेपणी हाराची हौस, अन् माह्या मालकाले मेल्यावरबी जागा नाई? मेले आमी, अन् नाव तुमचंच?"

कोकिळेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि राग आला की तिचं पुस्तकी बोलणं पार गळून पडायचं.

"तुमी मले सांगतलं काऊन नाई? रोज इथं बसून माह्या तोंडाकडे पाहून राह्यले, अन् एक शब्द नाई?"

"तिथं मीच पायजे होतो, बाई!" तो खालीच बसला. "आमची एक मजाक होती. त्याले हाक मारली की मी जायचो, मले मारली की तो. त्या दिवशी ड्रायव्हर ओरडले, उकंडा, वर चढ. माहे पाय उचललेच नाई. तो हासला, म्हणे, थांब बे, उकंडा जाऊन येते... अन् छपराचे पेटलेले पत्रे कोसळले, थोडे माह्या अंगावरबी."

चांगुणेला हे नवं होतं. ती भिंतीला टेकून किती तरी वेळ पदरात रडली. मग उठली ती सरळ कोकिळेपाशी आली.

"फोटोत त्यायचा चेहरा पुसट हाये, हासताना हलले ते. पण आमी दोघं सांगतो. काढता?"

कोकिळेनं रंगाची सुरी उचलली आणि आपल्याच हातानं रंगवलेला तो चेहरा खरवडायला घेतला. मिशी गेली, गाल गेले, डोळ्यांपाशी मात्र तिचा हात अडला.

"खरवडा, बाई," तो मागून हळूच म्हणाला. "मी हाये ना इथं."

मग तीन दिवस दोघं सांगत होते आणि ती काढत होती. कपाळ रुंद, ओठ जाड, दात एकावर एक. "कान मोठे करा," चांगुणा म्हणायची. "आणखी मोठे." तिसऱ्या दिवशी ती एकदम गप्प झाली, तेव्हा कोकिळेनं ओळखलं, आला माणूस. नाव लिहायची वेळ आली तेव्हा चांगुणेनं हात धरला. "आमच्यात कैलास नाई, बाई. नुसतं कचरू लिहा. ठसठशीत."

एक मेला पडदा उघडला. चांगुणा पुढच्या रांगेत ताठ बसली होती. कोकिळेला व्यासपीठावर बोलावलं, तर ती गेलीच नाही. कौतुक ऐकायचं कोणत्या तोंडानं? ती बाहेर आली. उकंडराव फाटकाबाहेर उन्हात उभा होता.

"आत या."

"नाई. लाज वाटते."

"मलाही वाटते. तुम्ही नुसते गप्प राहिलात, मी तर रंगवलं! आत एकटीला उभं राहवेना, म्हणून तुमच्याकडे आले."

तो जमिनीकडे पाहत राहिला.

"बाई... मले जित्तं राह्याची लाज वाटते. अन् तुमच्यापाशी बसलं की जित्तं हाये ते बरं वाटते. त्याची तं लईच लाज वाटते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोकिळेनं त्याला खऱ्या नावानं हाक मारली.

"उकंडराव, मग लाजतच या... पण या."

दोघं शेवटच्या रांगेमागे जाऊन उभे राहिले. टाळ्या वाजल्या तेव्हा दोघांपैकी कुणाचीच मान वर झाली नाही. फक्त तिचं रंगानं माखलेलं बोट त्याच्या भाजलेल्या मनगटाला लागलं होतं, आणि ते कुणीच बाजूला घेतलं नाही.