कापडाखाली

चहाचा कप माझ्या डाव्या हाताशी ठेवा. हो, तिथेच. आणि टेबलावरचा तो रुमाल घडी करून टाका बरं, असा पसरलेला नको. हं, आता ऐका.

दुकानात भिंतीवरचं एक घड्याळ उतरवताना स्टुलावरून पडलो आणि डावं मनगट मोडलं, एवढीच याची सुरुवात. प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट वळत होतं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताठ. वाकायचं नावच घेईनात. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला डाव्या हाताने घड्याळ धरावं लागतं आणि उजव्याने चिमटा चालवावा लागतो. डाव्याने दगा दिला की घड्याळ निसटतं, आणि त्यातला बारीक स्क्रू एकदा जमिनीवर गेला की देवालाही सापडत नाही. दुकानाला कुलूप लागलं. एकदा जेवताना बायको हळूच म्हणाली, "अहो, दुकानात एखादा माणूस ठेवू या का?" मी ताट पुढे सरकवलं. माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस! त्यापेक्षा खुर्ची जाळून टाकली असती.

बोटांचा व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, पियानो शिका, बोटं सुटतील. या वयात पियानो म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवं शिकवण्यातला प्रकार. पण गरजवंताला अक्कल नसते. मागच्या गल्लीत एक बाई घरी शिकवतात असं कळलं, आणि एका दुपारी पिशवी घेऊन भाजीला जावं तसा मी निघालो.

अरुंद जिना, वर एकच मोठी खोली. भरदुपारी पडदे ओढलेले. लाकडाच्या पॉलिशचा आणि डांबरगोळ्यांचा वास. भिंतीशी काळा पियानो, त्यावर ताल मोजायचं लाकडी यंत्र टकटक करत होतं. माझा कान घड्याळवाल्याचा. एक टक लांब, एक आखूड.

"बाई, हे लंगडतंय. द्या इकडे, दुरुस्त करून देतो."

"त्याला हात लावू नका," बाई म्हणाल्या. "ते माझ्या बाईंचं आहे. मला त्यांनी शिकवलं."

बाई वाळकुड्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांची शिकवायची रीत अजब होती. माझे दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवायच्या आणि वरून एक जाड करडं कापड पसरायच्या, अगदी मनगटापर्यंत. "बोटांकडे बघून वाजवणारा जन्मभर बघतच राहतो," त्या म्हणाल्या. "कापड उचलायचं नाही. उजवा नुसता पडू द्या. आधी डावा."

मग सुरू झाला छळ. एकच धून, तीही लहान मुलांना येईल अशी. मी वाजवायचो, शेवटाकडे करंगळी अडायची. "चुकलं. पुन्हा." परत अडायची. "पुन्हा." रोज तेच. घरी आलो की भांड्यांच्या आवाजातही मला "पुन्हा" ऐकू यायचं. बायको हसायची. "काय हो, अजून त्याच स्टेशनवर गाडी?" मी तिच्यावर ओरडायचो आणि मग आंघोळीला गेल्यावर बादलीच्या काठावर तीच धून वाजवायचो. ती करंगळी मुळात माझीच आहे का, अशी शंका यावी इतका तिचा राग यायचा.

करंगळी अडली की कापडाखाली एक हात यायचा. थंड, कोरडा, हाडं लागणारा. माझं बोट उचलायचा, वाकवायचा, नेमक्या पट्टीवर दाबायचा. कळ डोक्यात जायची, पण बोट वाकायचं. बाई डावीकडे स्टुलावर बसलेल्या असायच्या. हात त्यांचाच, यात विचार करण्यासारखं काय होतं?

एका संध्याकाळी मधेच दारावर थाप पडली. बाई उठल्या. "थांबू नका, वाजवत राहा," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. जिन्यावरून त्यांचा आवाज येत होता. कपडे घेऊन आलेल्या इस्त्रीवाल्याशी त्यांची उशीची खोळ हरवल्यावरून चांगलीच जुंपली होती. मी वाजवत होतो. शेवटाकडे करंगळी अडली.

आणि कापडाखाली हात आला.

मी दाराकडे बघितलं. बाई पाठमोऱ्या, दोन्ही हातांत कपडे. कापडाखाली माझं बोट मात्र उचललं जात होतं... वाकवलं जात होतं... सावकाश, न चिडता. उजव्या हाताने कापड खेचलं. खाली माझाच डावा हात. आणि त्याच्या पलीकडे, जिथे माझं बोट पोचतच नाही, तिथली एक पट्टी दबलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

बाईंनी परत येऊन कापड उचललेलं बघितलं. रागावल्या नाहीत.

"कोण... कोण आहे हे?"

"माझ्या बाई," त्या कुजबुजल्या. "फार कडक. पण हात सोडवतात. फक्त अर्धवट टाकून जाऊ नका, घड्याळवाले. अर्धवट त्यांना खपत नाही."

शहाणा माणूस तिथून पळाला असता. मी पुन्हा गेलो. भीती वाटत नव्हती असं नाही, पण त्या दिवशी घरी आल्यावर करंगळी आपली आपण वाकली होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानाची किल्ली तिने स्वतः माझ्या हातात ठेवली.

माझी चूक पुढेच झाली. बोटं कामापुरती सुटली. धून काही पुरी झाली नव्हती, शेवट रोज चुकत होता. पण मला कुठे मैफल करायची होती? मी जाणं बंद केलं आणि दुकान उघडलं.

पहिलं काम एका निवृत्त मास्तरांच्या जुन्या मनगटी घड्याळाचं. खोललं, साफ केलं, जोडलं, चालू केलं. हात कसा लोण्यासारखा चालला! धूळ बसू नये म्हणून आमच्या रीतीप्रमाणे वरून कापड टाकलं आणि घरी गेलो.

सकाळी कापड उचललं, तर घड्याळ सुटं. मोडलेलं नाही, नीट सोडवलेलं. चाकं एका ओळीत, स्क्रू एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत. कुलूप जसंच्या तसं होतं. मला वाटलं, मीच विसरलो असेन. पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटं. पुन्हा जोडलं, पुन्हा सुटं. मास्तर येऊन ताटकळत होते, माझं डोकं फिरत होतं. एकदा चिडून कापड टाकल्यावर मी तिथेच बसून राहिलो. कापडाखाली घड्याळ टिकटिकत होतं. मग टिकटिक लंगडायला लागली. एक लांब, एक आखूड... आणि थांबली. मग बारीक, धातूचे आवाज.

मी दुकान उघडंच टाकून जिन्याकडे धावलो.

बाईंनी दार उघडलं तेव्हा कापड पसरून तयार होतं. मी हात आत घातले आणि वाजवू लागलो. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. शेवट आला. करंगळी वाकली, नेमकी बसली. धून पुरी झाली.

"छान," बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

कापडाखाली त्या थंड हाताने माझा डावा हात थोपटला. खरं सांगतो, मला रडू आलं. सुटलो, असं वाटलं. मग तो हात सरकत माझ्या उजव्या हाताकडे गेला, जो इतके दिवस नुसता पडून होता. एकेक बोट चाचपलं. करंगळीपाशी थांबला.

चपला घालताना माझ्या लक्षात आलं. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट... वाकेना.

बाई दारात उभ्या होत्या. "उद्या याच वेळी या," त्या म्हणाल्या. "आता उजवा."

म्हणून म्हटलं, कप डावीकडे ठेवा. मी परत गेलेलो नाही. जाणारही नाही, कितीही हात... अहो, पण रुमाल घडी करायला सांगितलं होतं ना तुम्हाला? माझा एक हात कपावर आहे, दुसरा मांडीवर. तुमचे दोन्ही मला दिसताहेत.

मग तो रुमाल मधे असा उचलला कसा गेलाय?