सहावी खुंटी

या पेजवरच्या बहुतेक गोष्टी रात्रीच्या असतात. माझी भर दुपारची आहे.

ऐकीव नाही. मी तिथे उभी होते. माझ्यासोबत वर्गातला मितेश होता, त्यानेही पाहिलं. तो आता नोकरीला नाशिकला असतो. हा विषय काढला की फोन ठेवतो.

तारीख १९ जानेवारी २०२३. गुरुवार. दुपारचे बारा चाळीस. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण आमच्या मोजणीच्या फील्ड बुकात प्रत्येक पानावर वेळ लिहावी लागते. त्या पानानंतरची पानं कोरी आहेत.

मी कुणाली. सापगावची. शहापूर तालुक्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलचा डिप्लोमा करत होते. दुसरं वर्ष. सिव्हिलवाल्यांना त्या वर्षी सर्व्हे कॅम्प असतो. पाच दिवस कुठल्यातरी गावात राहायचं, जमीन मोजायची, नकाशा काढायचा. नाव अभ्यासाचं, पण सगळे वर्षभर त्याची वाट बघत असतात. आम्ही मरून रंगाचे टी-शर्ट छापून घेतले होते. पाठीवर प्रत्येकाचं टोपणनाव. मुलांनी वेखंडे सरांच्या नकळत स्पीकर आणला होता. पहिल्या संध्याकाळी सरांनीच तो मागून घेतला आणि जुनी गाणी लावली.

गाव किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या बाजूला. एक छोटा पाडा. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचा काही दोष नाही, उगाच त्यांना त्रास नको. मुली शाळेच्या खोल्यांत, मुलं समाजमंदिरात. पाड्यातली सकुबाई आमच्यासाठी भाकऱ्या थापायची.

आमच्या ग्रुपमध्ये दिपिका होती. माझी कॉलेजमधली पहिली मैत्रीण.

दिपिका किन्हवलीजवळच्या गावातून रोज एसटीने यायची. कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये रेडर. हसायची इतक्या मोठ्याने, की लायब्ररीतून दोनदा बाहेर काढलं होतं. कशाला घाबरायची नाही. सापाला नाही, व्हायव्हालाही नाही.

आता थोडं कामाबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिपाईवर एक दुर्बीण बसवतात. तिला लेव्हल म्हणतात. समोर लांब दुसऱ्याने एक उंच पट्टी उभी धरायची. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा. त्यावरून जमीन किती उंच, किती खोल ते कळतं. नवीन लेव्हल तीनच होत्या आणि ग्रुप चार. आम्हाला कपाटातली जुनी डंपी लेव्हल मिळाली.

जुन्या डंपीमधून सगळं उलटं दिसतं. माणसाचे पाय वर, डोकं खाली. आकडेही उलटे. सुरुवातीला गरगरतं. दोन दिवसांत सवय होते.

त्या दिवशी पट्टी धरायची पाळी माझी होती. पण नव्या बुटाने माझी टाच सोलली होती. दिपिका म्हणाली, तू बस दुर्बिणीवर, मी जाते. आणि पट्टी खांद्यावर टाकून ओढा ओलांडून गेलीसुद्धा.

आम्ही या बाजूच्या माळावर. मी दुर्बिणीवर, मितेश फील्ड बुक घेऊन बाजूला. ओढ्यापलीकडे चढावर कापलेलं भाताचं शेत. धसकटं, मधेमधे वालाचे वेल. तिथे आम्ही सकाळीच ओळीने खुंट्या ठोकल्या होत्या. डोक्याला लाल रंग. दिपिकाने एकेका खुंटीवर पट्टी उभी करायची. मी आकडा वाचला की हात फिरवायचा. म्हणजे पुढच्या खुंटीवर जा.

अंतर शंभर-सव्वाशे मीटर. मोबाइलला रेंज नाही. वारा आमच्या तोंडावर.

तीन खुंट्या नीट झाल्या.

चौथ्या खुंटीला दुर्बिणीत दिपिकाच्या मागे, बांधावर एक बाई उभी दिसली.

मला काहीच वाटलं नाही. शेतात बाया असतातच. विटकी साडी. केस मोकळे, खांद्यावर पडलेले. मी आकडा सांगितला. मितेशने लिहिला. मी हात फिरवला.

पाचव्या खुंटीलाही बाई होती. आता दिपिकाच्या मागे चार पावलांवर.

मी आकडा वाचायला लागले, आणि मधेच थांबले.

काहीतरी चुकत होतं...

दिपिका उलटी दिसत होती. पट्टी उलटी. मागची सागाची झाडं उलटी. आभाळ खाली, जमीन वर.

आणि ती बाई...

सरळ.

उलटं दाखवणाऱ्या दुर्बिणीत ती एकटी सरळ उभी होती. म्हणजे तिकडे, त्या शेतात, ती कशी उभी होती?

मी डोळा काढला. नुसत्या नजरेने पाहिलं.

शेतात दिपिका एकटीच होती.

पुन्हा डोळा लावला. बाई होती. एक पाऊल पुढे आली होती.

मी मितेशला नुसतं ओढलं. तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. फील्ड बुक त्याच्या हातातून खाली पडलं.

"तिला बोलव," तो म्हणाला.

आम्ही दोघं ओरडलो. वाऱ्याने आवाज आमच्याच अंगावर आला. मग आम्ही हात हलवले. दोन्ही हात, जोरजोरात, परत ये म्हणून.

दिपिकाने आमच्याकडे पाहिलं. मान हलवली.

आणि पट्टी उचलून पुढच्या खुंटीवर गेली.

हात फिरवला की पुढे जा. हे आम्हीच ठरवलं होतं.

मितेश ओढ्याच्या दिशेने पळत सुटला. जाताना म्हणाला, तू नजर काढू नको, ती कुठे जाते ते बघत राहा.

म्हणून मी बघत राहिले. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

सहावी खुंटी. आता दोघी एकाच जागी होत्या. बाईचं डोकं दिपिकाच्या पावलांशी. बाईने दोन्ही हातांनी पट्टीचं खालचं टोक धरलेलं.

दिपिकाने खाली पाहिलं. जमिनीतून कुणी हाक मारावी तसं. मग ती उकिडवी बसली. एक हात मातीवर टेकून वाकली. विहिरीच्या काठावरून आत बघतात ना, तशी. तिचे ओठ हलले. ती कुणाशीतरी बोलत होती.

मी ओरडत होते. घसा फाटला होता.

आणि मग...

दिपिका सरळ झाली.

दुर्बिणीत. एका क्षणात. डोकं वर, पाय खाली. रोज कॉलेजच्या गेटवर दिसते तशी. त्या बाईच्या शेजारी उभी. माझ्याकडे बघत. तिचं तोंड उघडं होतं. ती किंचाळत होती.

मी डोळा काढला.

शेत रिकामं होतं. पट्टी धसकटांत आडवी पडली होती. मितेश अजून तिसऱ्या खुंटीपाशी धावत होता.

पुन्हा डोळा लावला. आता दुर्बिणीतही कुणी नव्हतं.

पुढचे साडेतीन तास आम्ही शोधत होतो. चारही ग्रुप, वेखंडे सर, पाड्यातले बापे, बाया. ओढा पाहिला. विहीर पाहिली. सागाची झाडी पालथी घातली. एक जण गाडी घेऊन रेंजसाठी किन्हवलीला गेला आणि तिथून पोलिसांना, तिच्या घरी फोन केले. सहाव्या खुंटीजवळ तर आम्ही वीस वेळा गेलो असू. मी स्वतः तिथे उभी राहून तिच्या नावाने हाका मारल्या. माझ्या बुटांचे ठसे तिथे मातीत उमटले होते.

चार वाजून गेल्यावर दुसऱ्या ग्रुपमधली मनस्वी ओरडली.

दिपिका होती. सहाव्या खुंटीवरच.

जमिनीवर पालथी पडलेली. दोन्ही मुठींत धसकटं घट्ट धरलेली. केसांत मुळापर्यंत माती. अंगावर जखम एकही नाही. सर तिच्या मुठी सोडवायला गेले, तर ती सोडेना.

"नको सर, पडेन मी," म्हणाली.

सरांनी विचारलं, कुठे पडशील? तिने फक्त डोळ्यांनी दाखवलं.

वर. आभाळाकडे.

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता. ती माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलली.

"मी हिथंच होते गो. हाका मारीत होते. तुमी सगळे माज्या डोक्यावरनं चालत होतात. तुज्या बुटाचे तळ दिसत होते मला... खालनं."

तिला शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला. चार जणांनी धरून गाडीत घातलं, तरी ती सीटला नखं रुतवून होती. डोळे तपासले. डोक्याचं स्कॅन झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले धक्का बसलाय, वेळ द्या.

पण दिपिकाला तेव्हापासून सगळं उलटं दिसतं.

आई उलटी. ताटातला भात उलटा. पंखा जमिनीवर, आणि माणसं वर पायांनी लटकलेली. पहिला महिना ती खाटेवरून उतरली नाही. स्वतःला ओढणीने खाटेला बांधून घ्यायची. नंतर भिंत धरून चालायला शिकली. कॉलेज सुटलं. कबड्डी तर सुटलीच.

कॅम्प दुसऱ्या दिवशीच आवरला. त्या संध्याकाळी सर स्वतः लेव्हलला डोळा लावून बसले होते, अंधार पडेपर्यंत. त्यांना काही दिसलं नाही. ते मला खोटं ठरवू शकले असते. पण त्यांनी लेव्हल पेटीत ठेवली आणि पेटीला दोरी बांधली.

मी निघताना सकुबाईला विचारलं होतं. त्या शेतात काही घडलंय का पूर्वी, कुणी गेलंय का. मला वाटलं होतं ती काहीतरी सांगेल. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान पूजा, उतारा, काहीतरी करता आलं असतं.

तिने हाताला लागलेलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "नाय बाय. हिथं तसा कायच नाय. आमचा आजा, पणजा हिथलाच. त्या शेतात आमची पोरा खेलतात."

आजही खेळत असतील.

मी दिपिकाकडे जायचे. आधी दर आठवड्याला, मग महिन्याने. शेवटची गेले ती २०२४ च्या दिवाळीत. ती ओसरीवर बसली होती. वजन उतरलं होतं, पण चेहरा शांत होता. मी बसायला गेले तशी ती थोडी सरकली. माझ्यासाठी नाही. मी डावीकडे होते, ती डावीकडेच सरकली. उजवीकडे एका माणसाएवढी जागा मोकळी झाली.

मी विचारलं, कशी आहेस.

"सवय झाली गो," ती म्हणाली. "सगली उलटीच. ती एकटी सरल दिसते. बरा वाटतं. एक तरी मानूस सरल दिसतं."

चहाचा कप हातात तसाच होता.

मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं.

"तू आता येऊ नको. तू आलीस की ती माज्याकडं नाय बघत. तुज्याकडं बघते."

होळीला येते असं सांगून मी निघाले. गेले नाही. खरं सांगायचं तर तिने येऊ नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

आता मी एका रस्त्याच्या साइटवर कामाला आहे. दिवसभर माणसांत असते. मजूर, सुपरवायझर, ड्रायव्हर, येणारे-जाणारे.

मागच्या महिन्यात दिपिकाच्या आईचा फोन आला. आवाज खोल गेलेला. आधी वाटलं दिपिकाला काही झालं. तसं नव्हतं. दिपिका दिवसभर रडते म्हणाली. जेवत नाही. दाराकडे बघत बसते.

"ती बाई हल्ली आमच्याकडं येत नाय गो," तिची आई म्हणाली. "तू दिवालीला येऊन गेलीस, तवापासना ती हिथनं गेलीच. बाय... तुज्याकडं तर नाय ना आली?"

मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले. फोन ठेवला.

समोर साइटवर जेवणाची सुट्टी झाली होती. सावलीत बरीच माणसं बसली होती, काही उभी होती. मी एकेकाकडे बघत राहिले.

मी नाही म्हणाले खरं. पण मला कसं कळणार?

मला तर सगळीच माणसं सरळ दिसतात.